बिनगाठीची कांडी

आमंत्रण कागदावर नसायचं.
कागदावर अक्षर उमटलं की आमच्याकडं
ते कुणाच्या बाजूचं, हे आधी विचारतात;
पाट्यांना रात्रीत डांबर लागायचे दिवस होते.
म्हणून ब्रूनोनं कांडी काढली,
मागावरची, बोटाएवढी, सुतासकट.
रंगावरून वार. मोरपंखी म्हणजे शनिवार.
गाठींवरून जागा:
एक गाठ, पहिल्या गेटाजवळचं बेकरीचं गोदाम;
तीन गाठी, तिसऱ्या गेटापलीकडं उद्यमबागेत
बंद पडलेली फौंड्री, जिथली वाळू
सोमवारपर्यंत बुटातून निघायची.
गाठच नसली तर वडगाव. आमची गल्ली.
कांडी दारात द्यायची, आत जायचं.
हरवली तर घरी. ब्रूनोनं सख्ख्या भावाला परत लावलं होतं.

मी नाचायला नव्हतो. जनरेटर माझा,
म्हणजे मामाचा, लग्नसराईत भाड्यानं जाणारा.
मी बाहेर पोत्यावर, डिझेलच्या कॅनशेजारी.
ते संगीत मला कानातून कमी
आणि बुडाखालच्या जमिनीतून जास्त कळलं.

कॅसेटी चोर्ल्याच्या घाटातून यायच्या,
मासळीच्या टेम्पोत, बर्फाला टेकून.
ब्रूनो शर्टाला पुसून लावायचा,
तरी पहिल्या गाण्याला बांगड्याचा वास असायचा.
शब्द नसायचेच त्यात.
बसलिंग हुक्केरी म्हणायचा, हे बेस हाय,
शब्दच न्हाईत तर भांडायचं कशावर?
तो कन्नडमध्ये हसायचा,
कॅम्पातली फिलोमिना नर्स पायावर पाय पडला की
कोंकणीत शिव्या द्यायची,
आणि ठोका सगळ्यांना एकच, मिनिटाला एकशे अडतीस,
बसलिंगनं घड्याळ धरून मोजलेला.

ती रात्र शहाण्णवची, नाहीतर सत्त्याण्णवची.
बिनगाठीची कांडी. बंद शेड, मीटर कापून नेलेला.
पावणेदोनला जनरेटरनं हवा धरली,
दोनदा खोकला, गप्प झाला.
आत काळोख, शंभरेक माणसं
एकेक पाय उचललेली.
मी पाना चाचपत होतो. तेवढ्यात ऐकू आले
मागच्या गल्लीतले रात्रपाळीचे माग.
खटाक् फटाक्, खटाक् फटाक्,
बारा माग, एकमेकांच्या जरा मागंपुढं.
कुणीतरी पाय टेकला. मग अजून कुणी.
मग सगळी शेड त्याच्यावर नाचायला लागली.

तो आवाज मी पाळण्यापासून ऐकत आलोय.
त्याच्यावर नाचता येतं
हे घरात कुणी बोललं नव्हतं.

अंबक्का दारात आली. माझी थोरली बहीण.
बारातले चार माग तिचे.
केसांत कापूस, कमरेला कात्री.
"काय करायलेत रे हे?"
ब्रूनो पुढं झाला, हात पसरला, सवयीनं, कांडीसाठी.
कांडी नव्हती तिच्याकडं.
एरवी टोपलीभर असायच्या. आमच्या सगळ्या कांड्या
तिनंच भरलेल्या, मी तिथून उचललेल्या.
एक तिच्या हातात ठेवावी
हे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं.
ब्रूनोनं हात मागं घेतला. म्हणाला, या की आत.
ती हसली.
"आले असते, खरं माग कोण बघायचा?
सूत तुटलं तर तुमचा नाच बी थांबंल की ओ."
आणि गेली.

साडेतीनला माझा जनरेटर दुरुस्त झाला.
मी चालू केला नाही.
पहाटे पाळी सुटली, तेव्हाच पाय थांबले.

पुढं एकदा पोलीस आले, ब्रूनो बहारीनला गेला,
शेडमध्ये आता टाइल्स विकतात.
अक्काला डाव्या कानानं काही ऐकू येत नाही,
उजव्यानं मोठ्यानं बोललं तर थोडं.
परवा तिनंच विचारलं,
तुमच्या त्या मशिनीतलं गाणं कसलं होतं रे?
मी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं.
तिनं तळवा पालथा टेकवला,
डोळे मिटले, बराच वेळ.
म्हणाली, दुसऱ्या मागाचा पट्टा सैल हाय.